‘कादंबरी लिहा, इतिहास म्हणू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण ती मुद्द्यांची आहे, त्यामुळे ‘वाचल्याबद्दल आभार’ एवढ्यावर मला सुटता येणार नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेकीच्या सासरचं घराणं नॉर्वेहून येऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या बॅरन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कसं रुजलं, ते मी विहीणबाईंच्या पेटीतल्या कागदांवरून लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: जनगणनेत जावयाचा खापरपणजा ‘शेतकरी’ असताना मी त्याला लाकूडतोड्या केलं. १८९० ची जनगणना सोयीनं गाळली. डॅलस काउंटी टेक्ससात असते, विस्कॉन्सिनात नव्हे. वारलेली मुलगी डोळ्यांत पाणी आणण्यासाठी घुसडली. आणि ज्यांची ती जमीन होती त्या ओजिब्वे या मूळ रहिवाशांबद्दल अवाक्षर नाही. वर सल्ला: ‘मी तीस वर्षं मिनिआपोलिसात काढली आहेत. सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन कादंबरी लिहा, इतिहास म्हणू नका.’

व्हिसाचं खरं आहे. पण माझी नोकरी भूमी अभिलेखात गेली. टिपणं, फाळणी नकाशे आणि फेरफार वाचण्यात डोळे गेले, तेवढी तरी पुंजी माझ्याकडे आहे.

डॅलसचं आधी मिटवू. ही काउंटी १८५९ साली डॅलस याच नावानं निघाली आणि १८६९ मध्ये तिचं नाव बॅरन झालं. लेखात मी जुना नकाशा पाहत होते, म्हणून जुनं नाव आलं. डॅलस नावाचं गाव तिथे अजून आहे, पुढच्या वेळी गाडी वळवून बघा.

१८९० ची जनगणना मी गाळली नाही, ती जळली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला व्यापार खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. काही बाडं जळली, काही बंबाच्या पाण्यानं भिजली, आणि पुढे काही वर्षांनी उरलेलीही रीतसर मंजुरी घेऊन नष्ट केली. वाचली ती नावापुरती. कचेरीत जन्म गेल्यामुळे मला आगीपेक्षा त्या मंजुरीचं जास्त दुःख होतं.

आता शेतकरी की लाकूडतोड्या. १८८० ची गणना १ जून या तारखेची आहे. जूनमध्ये तो शेतावर नसेल तर कुठे असेल? तिकडे झाडं तोडायची ती हिवाळ्यात, कारण ओंडके ओढायला बर्फ लागतो. रात्री पाण्याची टाकी बसवलेली घसरगाडी फिरवून वाट भिजवायची. सकाळी तिची काच झालेली असायची, आणि एरवी हलणार नाही एवढं ओझं दोन घोडे त्या वाटेवरून ओढत न्यायचे. ओंडके नदीकाठी रचायचे, त्यांच्या टोकांवर कंपनीची खूण हातोड्यानं ठोकायची, आणि बर्फ वितळून रेड सीडर नदी फुगली की आत लोटायचे. रेड सीडर चिपेवाला मिळते, चिपेवा मिसिसिपीला. वाटेत मेनॉमनीला नॅप-स्टाउट कंपनीच्या लाकूड कापायच्या गिरण्या होत्या आणि तिचा माल पार सेंट लुइसपर्यंत जायचा. पाणी फुगायच्या सुमाराला रानातल्या तोडणीच्या छावण्या ओस पडायच्या आणि माणसं पेरणीला घरी परतायची. प्रगणक जूनमध्ये आला, त्यानं ‘शेतकरी’ लिहिलं. खोटं नाही लिहिलं.

पण माझा आधार हा तर्क नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे ते पाच वर्षं तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवल्यावर. दाखवायचं म्हणजे अर्जदाराचा जबाब आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष. जबाबाच्या छापील नमुन्यात एक प्रश्न आहे: या काळात जमिनीवरून कधी, किती दिवस आणि कशासाठी गैरहजर होता? १८८५ सालच्या जबाबात खापरपणज्यानं लिहवून दिलंय, दर हिवाळ्यात, जंगलात मजुरीला. आणि त्याला लागूनच: बायकामुलं सतत जागेवर.

या शेवटच्या तीन शब्दांसाठी तुम्ही मला झोडायला हवं होतं. मी ते मूळ लेखात एका ओळीत उरकले. वास्तव्याची अट होती पाच वर्षांची, आणि त्या पाचही वर्षांचे हिवाळे तिनं काढले. ओंडक्यांचं घर, एक गाय, चुलीपुरता लाकूडफाटा, विहिरीच्या तोंडावरचा बर्फ फोडायला कुऱ्हाड. कडेवर एक, हाताशी एक. सगळ्यात जवळचं घर अर्ध्या मैलावर, तेही वाट मोकळी असली तर. छावणीतल्या घोड्यांना ओट आणि वाळलेलं गवत लागायचं, ते आसपासच्या शेतांतून जायचं. म्हणजे नवरा रानात असताना ते गाडीत भरून देणारीही तीच. सरकारच्या दृष्टीनं ‘वास्तव्य’ म्हणतात ते पुरं केलं बाईनं आणि पट्टा निघाला पुरुषाच्या नावानं. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या कचेरीच्या खिडकीसमोर ताटकळणाऱ्या, बांधावरचं प्रत्येक झाड ठाऊक असलेल्या आणि उताऱ्यावर कुठेच नसलेल्या बायका मी नोकरीभर पाहिल्या. नवल एवढंच वाटलं, की तिची हजेरी कागदावर आली ती नवऱ्याच्या गैरहजेरीचा खुलासा म्हणून. तो घरी राहिला असता तर त्या जबाबात एवढीही ओळ आली नसती.

मुलगी मी घुसडलेली नाही. विस्कॉन्सिन राज्य मध्येमध्ये स्वतःची गणना करायचं, पण १८८५ आणि १८९५ च्या याद्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असायचं. बाकी घर म्हणजे पुरुष किती, स्त्रिया किती. या घरापुढे १८८५ साली स्त्रियांचा आकडा चार, १८९५ साली तीन. १९०० च्या जनगणनेत आयांना विचारलं होतं, मुलं किती झाली आणि हयात किती. तिनं सांगितलं, आठ आणि पाच. लुथरन चर्चच्या वहीत १८८२ साली एका मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, नॉर्वेजियनमध्ये. नंतर ते नाव कुठेच नाही. मृत्यूचा दाखला का जोडला नाही, असं तुम्ही विचारता. जन्ममृत्यूची नोंद करायचा कायदा तिथे आधीपासून होता, पण त्याची नीट अंमलबजावणी सुरू झाली १९०७ पासून. चारातून तीन वजा केले आणि एक मूल हाती आलं. यात मी भावना कुठे घातली ते दाखवा.

राहिला ओजिब्वे लोकांचा मुद्दा. तिथे तुम्ही बरोबर आहात, आणि माझी चूक तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे.

ती जमीन मुळात पाइनचं रान होती, हे मी सरकारी मोजणीच्या टिपणांवरून लिहिलं. त्यांची मोजणी चौकोनी: सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. (त्यांची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ ची. ३३ गुणिले ३३ चा आपला गुंठा, म्हणून अमेरिकेतही एकराला ४० गुंठे भरतात. हा हिशोब जुळला तेव्हा मी लेकीला झोपेतून उठवून सांगितलं होतं.) प्रत्येक कोपऱ्यावर खुंटी ठोकून जवळच्या झाडांना साक्षीला धरायचं: जात कोणती, बुंधा किती इंचांचा, किती अंतरावर. मी ती झाडं एकेक करून उतरवून घेतली. त्याच पानावर, त्याच हस्ताक्षरात, सेक्शनची रेषा छेदून जाणारी ‘इंडियन ट्रेल’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची पायवाट, नोंदवलेली आहे. ती मी वाचली आणि सोडून दिली. वर लेखात ‘ओसाड रान’ असा शब्द लिहिला! रोजची पायवाट असलेलं रान ओसाड कसं? हद्दीच्या टिपणातली वहिवाट गाळली असती तर साहेबांनी माझी वेतनवाढ रोखली असती.

तर नोंद करते. हा टापू २९ जुलै १८३७ च्या तहानं ओजिब्वेंकडून घेतला गेला, आणि घेतला तो मुख्यतः पाइनसाठी. शिकार, मासेमारी आणि पाण्यात उगवणारा रानभात गोळा करण्याचा हक्क त्यांनी तहात राखून ठेवला होता. तो पुन्हा मान्य करून घ्यायला १९८३ साल उजाडलं, तेही फेडरल अपील कोर्टात. दरम्यान ओंडके वाहून न्यायला नद्यांवर बांध घातले गेले आणि रानभाताची कितीतरी तळी त्यांत बुडाली. त्या काउंटीतल्या राइस लेक गावाचं नाव याच भातावरून पडलं आहे. खापरपणजा ज्या नदीच्या पुरात ओंडके लोटत होता, ती ही.

‘ओसाड रान’ लेखातून काढलं आहे. पायवाटेची नोंद सेक्शनच्या नंबरासह घातली आहे आणि जबाबाच्या पानाचा फोटोही चढवला आहे. ‘लाकूडतोड्या’ मात्र आहे तिथेच राहील.

खापरपणजीवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. तिच्या माहेरच्या चर्चच्या वह्या नॉर्वेच्या अभिलेखागारानं ऑनलाइन ठेवल्या आहेत, पण अक्षर जुन्या गॉथिक वळणाचं. मोडी येत असूनही मला एक ओळ लागत नाही. तुम्ही तीस वर्षं मिनिआपोलिसात आहात, तर ते वाचणारं कुणी ओळखीचं असेलच. असलं तर कळवा, माझी परतीची तारीख चौदा आहे.