बायकोच्या पहिल्या बाइकचे सहा नियम आणि आमचं उताराचं खळं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप, वाडीचा ग्रुप, सासुरवाडीचा ग्रुप, आणि चौथ्यांदा एका गिऱ्हाइकाकडून, 'मिस्त्री, बरोबर मा ह्यां?' असं विचारत. मथळा होता, 'बायकोला पहिली बाइक घेताय? हे सहा नियम पाळा.' नियम थोडक्यात असे. बायकांना स्कूटरच बरी. गिअरची हवीच असेल तर सगळ्यात बुटक्या सीटची क्रूझर घ्या, दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत. शिकताना पुढच्या ब्रेकला हात लावू देऊ नका. गाडी नवी कोरीच घ्या. किनाऱ्यावर वाळूत शिकवा, पडली तरी लागत नाही. आणि वाढदिवसाला अचानक दारात उभी करा, चेहरा बघण्यासारखा होतो.

शेवटच्या नियमापासून सुरुवात करतो, कारण तो मी स्वतः पाळलेला आहे. चेहरा खरंच बघण्यासारखा झाला होता.

माझं गॅरेज मालवण तालुक्यात. बायको बीसी सखी आहे, म्हणजे बँकेचं मशीन पिशवीत घालून वाडीवाडीत फिरते, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे पैसे घरपोच देते. एसटी दिवसातून दोनदा, रिक्षा परवडत नाही, म्हणून गाडी शिकायचं तिनेच ठरवलं होतं. मी मिस्त्री माणूस, मला कोण शिकवणार? मी परस्पर एक लांबलचक, बुटकी, पोटावर टाकी चमकणारी क्रूझर आणून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी केली. ती बसली, दोन्ही पाय अगदी टाचेसकट टेकले. मी खूश. म्हटलं, 'आता काढ बाहेर.'

आमचं खळं चिऱ्यांचं, घराकडून रस्त्याकडे उतरतं, आणि दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. गाडी तोंड घराकडे करून उभी. बाहेर काढायची म्हणजे उतारावर मागे ढकलत न्यायची आणि पाणंदीत शिरताना हँडल तोडून, म्हणजे पूर्ण एका बाजूला करून, वळवायची. पावसाळा नुकताच संपलेला, चिऱ्यांवरचं शेवाळ अजून गेलं नव्हतं. तिने हँडल तोडलं, गाडीचं वजन आतल्या बाजूला कललं, पाय सरकला, आणि गाडी गडग्यावर. क्लच लिव्हर मोडला, इंडिकेटर लटकला. तिला लागलं नाही. तिने ओढणी झटकली आणि म्हणाली, 'माका कोणी इचारल्यान? ही उचलूक चार माणसा व्हयी, आणि ह्या खळ्यात ही वळतली कशी?'

मी गप्प. रोज दुसऱ्यांचे मोडलेले लिव्हर बदलणारा माणूस, त्या दिवशी स्वतःच्याच दारात तेच केलं.

आता त्या सीटच्या नियमाकडे येऊ, कारण फॉरवर्डमधला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात फसवा तोच आहे. सीटची उंची हा आकडा खरा असतो, पण अर्धाच. ॲव्हेंजर २२० ह्या क्रूझरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५. नियमाप्रमाणे ॲव्हेंजर जिंकली. पण ॲव्हेंजर १६३ किलो, स्प्लेंडर ११२. दोन चाकांमधलं अंतर ॲव्हेंजरचं १४९० मिलिमीटर, स्प्लेंडरचं १२३६. हायवेवर सरळ पळायला हे लांब अंतर छानच, पण पाणंदीत वळताना तेच आडवं येतं. शिकाऊ माणूस ऐंशीच्या वेगात पडत नाही. तो पडतो गाडी चालायला लागण्याच्या आधी आणि थांबण्याच्या क्षणी. ढकलताना, वळवताना, स्टँडवरून काढताना. तिथे पाच सेंटिमीटर बुटकी सीट मदत करते, पण पन्नास किलो जास्तीचं वजन त्याच्या दुप्पट वाट लावतं.

शिवाय पाय टेकणं फक्त उंचीवर नसतं. सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली येतो, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तीच उंची दोन इंच वाढल्यासारखी वाटते. माणूस बसला की शॉकअप दबतात, किती दबतात ते वजनावर. शोरूमची फरशी सपाट असते, आपला रस्ता नसतो. आपण डाव्या बाजूने चालतो, रस्ता कडेला उतरता, त्यात साइडपट्टी पावसात खचलेली. थांबताना डावा पाय खाली टाकला की जमीन तिथे सीटच्या उंचीच्या आकड्यापेक्षा खोल असते. म्हणून मी बायकांना (आणि बुटक्या बाप्यांनाही, त्यांना मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही) एकच सांगतो, दोन्ही टाचा टेकण्याचा हट्ट सोडा. डाव्या पायाचा चवडा भक्कम टेकला आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहिला, तर चढावर गाडी तसूभरही मागे येत नाही. दोन्ही पाय खाली टाकून बसलेली बाई चढावर ब्रेक कशाने दाबणार? एका हाताने क्लच, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, त्यात गाडी मागे सरकतेय. नव्या माणसाची इथेच तारांबळ उडते.

पडलेली गाडी उचलता येते का, हे सीटपेक्षा आधी बघावं. वाकून हँडल ओढू नका, कंबर जाते. आधी चावी बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गिअरमध्ये टाका, म्हणजे उभी करताना पलीकडे आडवी होणार नाही की घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, एक हात खालच्या हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, बूड सीटला टेकवा आणि मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. माझी बायको आता ११२ किलोची गाडी अशी एकटी उभी करते. १९५ किलोची क्लासिक ३५० सुद्धा ह्याच पद्धतीने उठते, पण शेवाळावर पाय रोवून उचलून दाखवा, मग बोलू.

स्कूटरचा मुद्दा. स्कूटर वाईट नाही. मालवणच्या बाजारपेठेत, पायाशी माशाची पिशवी ठेवून, तिच्यासारखी गाडी नाही. पण 'बायकांना गिअर जमत नाहीत' हे कारण असेल तर ज्या बायका भाताच्या खाचरात पॉवर टिलर फिरवतात त्यांना आधी जाऊन भेटा. खरा प्रश्न रस्त्याचा आहे. ॲक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १०, स्प्लेंडरची दोन्ही १८. चिरेखाणीच्या डंपरांनी उखडलेल्या रस्त्यात लहान चाक खड्ड्यात जातं, मोठं खड्ड्यावरून जातं. आणि घाटी उतरताना गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच धरून ठेवतं. स्कूटरचा क्लच आपोआप सुटणारा, वेग कमी झाला की इंजिनची धर संपते, उरतात फक्त ब्रेक. आणखी एक गोष्ट ह्या फॉरवर्डवाल्यांना माहीत नसावी. विना गिअरचं लायसन्स काढलं तर त्यावर गिअरची गाडी चालत नाही, दोन वेगळे वर्ग आहेत. उद्या गिअरची घ्यायची असेल तर ओरोसच्या आरटीओत आज लर्निंग काढतानाच गिअरचं काढा. पक्क्यासाठी तीस दिवस थांबायचं, आणि लर्निंग सहा महिने चालतं.

पुढचा ब्रेक. हा नियम वाचून मी कपाळाला हात लावला, कारण माझ्या लहानपणी माझ्या मामानेही मला हेच शिकवलं होतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढचा शॉकअप दबतो ते त्यामुळेच. वजन पुढे म्हणजे पकड पुढे. मागचं चाक हलकं झालेलं असतं, नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की ते लॉक होऊन शेपटासारखं फिरतं. गंमत म्हणजे हा नियम आता पाळताच येत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा, किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असेल तर तुम्ही पायाने मागचा ब्रेक दाबलात की पुढचाही थोडा आपोआप लागतो. त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि सिंगल चॅनेल असेल तर बहुधा ते फक्त पुढच्या चाकाला. म्हणजे सरकारने जिथे सुरक्षा बसवली तिथेच हात लावू नका म्हणायचं!

ह्या नियमात दाणाभर खरं आहे. हँडल वळलेलं असताना, चाकाखाली लाल खडी किंवा ओला पालापाचोळा असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला तर गाडी खाली. म्हणून शिकवायचं ते असं : आधी गाडी सरळ, मग दोन बोटांनी लिंबू पिळल्यासारखं हळूहळू. मी तिला पहिले दोन दिवस इंजिन चालूच करू दिलं नाही. खळ्याच्या उतारावर गाडी सोडायची आणि ब्रेकने थांबवायची, एकदा फक्त मागचा, एकदा फक्त पुढचा, एकदा दोन्ही. कुठल्या ब्रेकने गाडी कुठे थांबली ते तिने चिऱ्यावर खडूने खूण करून बघितलं. मग मला समजावून सांगायची गरज उरली नाही.

नवी की जुनी ह्यावर फार बोलत नाही. पहिली गाडी एकदा तरी आडवी होणार. लिव्हर, इंडिकेटर, फूटरेस्ट स्वस्त असतात, पण नव्या टाकीला पोचा पडला की शिकणारीपेक्षा घेऊन देणाऱ्याचं तोंड जास्त वाकडं होतं, आणि मग तिचा हात गार पडतो. जुनी घ्या, फक्त एप्रिल २०२० नंतरची, प्रदूषणाच्या नव्या नियमांतली बीएस सिक्स बघा. त्यात बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे, थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही आणि चढावर अर्ध्या क्लचला पटकन बंद पडत नाही. आपल्याकडे किलोमीटरच्या काट्यापेक्षा गंज बघावा. सायलेन्सरचा खालचा भाग, रिमला स्पोक जिथे मिळतात ती जागा, आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं की मध्येच अडकतं का. किनाऱ्याजवळच्या गाडीचं वय तिथे कळतं.

त्यावरून वाळू. वाळूत पडलं तर लागत नाही हे कुणी सांगितलं? भुसभुशीत वाळूत पुढचं चाक रुततं, हँडल आपल्याआप वळतं, शिकणारी घाबरून ॲक्सिलरेटर पिळते. तिथे जी सवय लागते ती डांबरावर उलटी पडते. सुकती, म्हणजे ओहोटी, बघून आत उतरलेल्या पाहुण्यांच्या गाड्या भरतीत दोराने ओढून काढताना आपण दर मे महिन्यात बघतोच. नोव्हेंबरपासून पुढे काही महिने किनाऱ्यावर कासवांची अंडी असतात, तो वेगळाच विषय. आणि नंतर गाडी माझ्याकडे येते, चेनमध्ये वाळू, ड्रममध्ये मीठ. गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुतली तर ठीक. शिकवायचं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, शिकवा, डांबरी तुकडा असलेली शाळेची किंवा देवळामागची जागा. आणि पहिले दिवस मागे बसू नका. रस्त्यावर शिकताना सोबत लायसन्सवाला शिकवणारा लागतोच, पण मोकळ्या जागेत बाजूला उभं राहा. सत्तर किलोचा नवरा मागे बसून 'क्लच, क्लच' ओरडायला लागला की गाडीचा तोल आणि संसाराचा तोल दोन्ही जातात. मी ओरडलो होतो. तिने गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि चालत घरी गेली, मला तीन किलोमीटर गाडी ढकलत आणावी लागली.

जाता जाता एक. मागचं चाक किमान अर्धं झाकणारं कव्हर असलंच पाहिजे असा मोटर वाहन नियमांत नियम आहे. कशासाठी? मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. साडी गार्ड म्हणजे तेच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बाई मागेच बसलेली होती. पुढे बसणारीची ओढणी मात्र चेनमध्ये जाते, म्हणून पूर्ण चेन कव्हर असलेली गाडी बघा. लाल चिखलातून चेनही टिकते. आणि हेल्मेट तिच्या मापाचं, आयएसआयचं, नवं. तुमचं जुनं, घामाने सैल झालेलं नको. डोक्यावर घालून मान हलवली आणि हेल्मेट मागून हललं तर ते फळांच्या टोपलीला बरं.

ती क्रूझर मी तोट्यात विकली. दुसरी गाडी घ्यायला निघालो तेव्हा ती म्हणाली, 'गाडी माझी मा? मगे मी बघतंय.' कुडाळात तीन गाड्या बघितल्या. बसून नाही, आधी उभ्याने ढकलून. क्लच दाबून किती बोटं पुरतात ते बघितलं, माझ्या हाताने नाही, तिच्या. मग तिच्या पायात चप्पल आहे हे लक्षात आल्यावर घरी परत येऊन बूट घातले आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. शंभर सीसीची जुनी काळी गाडी निघाली. माझ्या मते सायलेन्सर जरा गंजला होता. तिने ऐकून घेतलं आणि तीच घेतली.

गिऱ्हाइकाला मी उत्तर पाठवलं, ह्यातलं काही न लिहिता. 'वहिनींका घेवन ये, पायात रोजचे बूट घालून. आणि तुझ्या खळ्याचो उतार खयच्या बाजूक आसा ता सांग.'