बाळंतिणीच्या आईलाही शिकवा

खान्देशात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. घरी गेल्यावर बाळाला काय पाजायचं, कधी न्हाऊ घालायचं, हे बाळंतिणीची आई ठरवते. आणि वॉर्डात आपण सगळं सांगतो कोणाला? एकट्या बाळंतिणीला, तेही डिस्चार्जच्या दिवशी, रिक्षा दाराशी उभी असताना! सिस्टर मंडळींना कळकळीची विनंती: आजीला आणि बाळाच्या बापाला पहिल्या दिवसापासून पलंगापाशी बोलवा. अहिराणी, पावरी, ज्यांना जी कळेल त्या बोलीत सांगा.

दूध पाजणं नुसतं सांगून येत नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, मान-पाठ सरळ, तोंड मोठं उघडलं की बोंडाभोवतीचा काळा भागही आत जायला हवा. नुसतं बोंड ओढलं तर चिरा पडतात, दूध कमी निघतं, बाळ रडतं, आजी म्हणते ‘दूध पुरत नाही’. बाटली घरात शिरते ती इथूनच. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचाभर चीकच घेतं. तेवढ्यानं भागतं, हे आजीला चमचा हातात धरून दाखवा. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला 6 वेळा तरी लघवी झाली तर दूध पुरतंय.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 पर्यंत चढतो, मग ‘घसा सुकेल’ म्हणून पाणी पाजलं जातं. आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं. सहा महिने पाणी नको, गुटी नको. मध तर वर्षभर नको. पत्र्याच्या घरात टोपडं, दुपटं आणि वर गोधडी घातली तर बाळाचं अंग तापतं. पातळ सुती झबलं पुरे, आणि जास्त वेळा पाजा.

नाळेला हळद, तेल, राख काही नाही. कोरडी ठेवा, आपोआप गळते.

बापाला एक काम नक्की द्या, श्वास मोजायचं. बाळ शांत असताना मोबाईलवर एक मिनिट लावून मोजायचे. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरी तेवढेच असतील, छाती आत ओढली जात असेल, अंग गरम किंवा गार असेल, तळहात-तळपाय पिवळे असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल तर रुग्णवाहिकेसाठी 108 किंवा 102 ला फोन लावायचा. रात्र असली तरी निघायचं.

आणि डिस्चार्ज कार्डावर पत्ता माहेरचा लिहा. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. नोंद सासरच्या गावाची राहिली तर या भेटी चुकतात. माहेरच्या आशाताईंना वॉर्डातूनच फोन लावून द्या.