मुद्रांक शुल्काचे चलन आणि मृत्यूचे कारण

गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या अंतराने आमच्या घरातल्या दोन सरकारी नोंदी झाल्या, पहिली सदनिकेच्या खरेदीखताची आणि दुसरी माझ्या मावशीच्या मृत्यूची. खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के आणि वर नोंदणी फीचे 30 हजार रुपये ऑनलाइन भरले. दुय्यम निबंधकांसमोर जाऊन बसेपर्यंत त्या रकमेचा पैन्‌पै हिशेब त्यांच्या संगणकावर दिसत होता. मावशी घरीच गेली. वीस वर्षांचा मधुमेह, त्यातून मूत्रपिंडे निकामी होत आलेली. तरी डॉक्टरांनी कारण लिहिले, ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. पण रात्री अकरा वाजता, वैकुंठ स्मशानभूमीचा पास मिळवण्याच्या धावपळीत, त्या तीन शब्दांवर हुज्जत घालण्याच्या मनःस्थितीत आमच्यापैकी कोणीही नव्हते.

योगायोग असा की, या दोन्ही नोंदींचा राज्यभराचा हिशेब ठेवणारी कार्यालये पुण्यातच आहेत. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक येथे बसतात आणि आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारीचे राज्य कार्यालयही येथेच आहे. पहिल्या कार्यालयाकडून किती महसूल जमा झाला, हे वर्ष संपता संपता कळते. दुसऱ्याच्या हाती जे येते, ते मात्र मावशीच्या दाखल्यासारखे असते. देशात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. महाराष्ट्राची स्थिती या सरासरीहून बरी असली, तरी राज्यात कोणत्या आजाराने किती माणसे जातात, याचे उत्तर आपण बऱ्याच अंशी अंदाजाने देतो, हे खरेच आहे.

करांच्या आकड्यांचे तसे नाही. वस्तू व सेवा कराचे संकलन दर महिन्याला जाहीर होते आणि त्यात महाराष्ट्र पहिला असल्याची बातमी आपण अभिमानाने एकमेकांना पाठवतो. (त्या आकड्यात केंद्राचा आणि आंतरराज्य व्यवहारांवरचा करही मिळवलेला असतो, म्हणजे तो सगळा पैसा आपल्या राज्याच्या तिजोरीत येत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही.) याउलट राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होते आणि 2019-21 मध्ये 54.2 टक्के झाले, हे आपल्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमुळेच समजले. मधल्या वर्षांत ते नेमके केव्हा आणि कशामुळे वाढले, हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

खर्चाचा तक्ता वाचणेही सोपे नाही. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते आणि त्यासाठी 2020 ची मुदत दिली होती. महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली आहे. त्यातही पुण्यातले ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि नायडू रुग्णालय महापालिकेकडे. ऑगस्ट 2023 मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हा औंधला केसपेपर फुकट आणि ससूनला पैसे, असा प्रकार या विभागणीमुळेच झाला. शिवाय भाषणात येतो तो अर्थसंकल्पीय अंदाज. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षांनी भरतो आणि तोवर त्याकडे पाहणारे कोणी उरलेले नसते.

आधी निधी वाढवा, आकडेवारीचे नंतर पाहू, असे माझे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. मधुमेहाने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने जाणारी माणसे ‘हृदयक्रिया’ या सदरात जमा होत राहिली, तर वाढीव निधीतून तालुक्याला डायलिसिसची यंत्रे हवीत की नवी इमारत, हे कशाच्या आधारे ठरवणार? इमारतीचे निदान उद्घाटन करता येते. म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. घरी होणाऱ्या मृत्यूचे मूळ कारण कसे लिहावे, याचे प्रशिक्षण खासगी डॉक्टरांना महापालिकेने द्यावे, आणि दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर जी आर्थिक पाहणी येते, तिच्यात करसंकलनाच्या तक्त्याशेजारीच प्रत्येक जिल्ह्यातील प्रमाणित मृत्यूंची टक्केवारी छापावी.