‘न्यायालय आहेच’ म्हणून निर्धास्त राहू नका

‘एआयमुळे सरकारी निर्णय चुकला तरी वर न्यायालय आहेच’ हे सरकारी कामातल्या एआयवरच्या तुमच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. नेदरलँड्सचंच बघा. तिथल्या कर खात्याने पाळणाघर अनुदानातले लबाड हुडकायला एक संगणक प्रणाली बसवली होती. ती अर्जांना जोखमीचे गुण द्यायची, आणि अर्जदार डच नागरिक आहे का, हाही त्यातला एक निकष! त्यात एखादा कागद कमी पडला, स्वतःचा थोडा हिस्सा भरायचा राहिला, की वर्षाचं सगळं अनुदान परत करा, हजारो युरो. लोक कोर्टात गेले. पण तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठ, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेट, 2019 पर्यंत खात्याचीच री ओढत राहिलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

शेवटी ओमझिग्ट आणि लैटन हे दोन खासदार या प्रकरणाच्या हात धुऊन मागे लागले. त्यातले ओमझिग्ट तर सत्ताधारी आघाडीतले! जानेवारी 2021 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुत्ते यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. (पुढच्या निवडणुकीत रुत्तेच पुन्हा आले, ते सोडा.)

आपल्याकडे स्वपक्षाच्या मंत्र्याला असं धारेवर धरणारे आमदार किती? आणि प्रणाली खासगी कंपनीची असेल तर माहिती अधिकारात विचारूनही ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम 8(1)(घ) पुढे करता येतं. प्रणालीचे निकष विधिमंडळाच्या सभागृहासमोर ठेवण्याची अट निविदेतच घालायला हवी. कंत्राट दिल्यावर कोण विचारतो?