अंदमानला जायचं तर अमावास्या धरून जा

बेळगावातून अंदमानला जाणारे बहुतेक जण दिवाळीची नाहीतर मेची सुट्टी बघून पॅकेज घेतात. पाच रात्री, सहा दिवस, सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, जेट स्की, की परत सांबरा विमानतळ. जेल बघावंच, त्यात वाद नाही. पण ज्यांना तिथलं जंगल आणि समुद्रातले जीव बघायचे आहेत त्यांनी तिकिटाआधी पंचांग उघडावं. अमावास्येला प्रवास नको म्हणणारी घरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. इथं मात्र तीच तिथी कामाची.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. शहीद द्वीपला, म्हणजे जुन्या नीलला, लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावर दगडी कमानीपाशी तेव्हा डबकी उघडी पडतात. समुद्रकाकडी, खेकडे, अडकलेले छोटे मासे, सगळं घोट्याएवढ्या पाण्यात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढउताराच्या दिवसांत, पाणी पुरतं ओसरतच नाही, मग लोक कमानीचा फोटो काढून 'काही नव्हतं' म्हणत परततात. ओहोटी पौर्णिमेलाही तेवढीच, पण स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, खारफुटीत पाणी ढवळल्यावर सूक्ष्म जीवांचा जो निळसर उजेड दिसतो तो चांदण्यात हरवतो. चतुर्दशी ते शुक्ल तृतीया या दिवसांत दोन्ही साधतं.

कोकणात तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीचा तास काढतात. तो हिशेब तिकडं लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की लगेच मागं वळायचं. पायात चप्पल नको, जुने रबरी तळव्याचे बूट हवेत, कारण प्रवाळाची जखम लवकर चिघळते. पाय वाळूवर नाहीतर मेलेल्या खडकावरच ठेवा. दगड उलटवला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात.

स्नॉर्केलिंगला उलट, भरपूर पाणी हवं. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकानं श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क गळतोच (आपल्याकडं मिश्यांना तोटा नाही), तिथं व्हॅसलीन लावा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क इथूनच करून न्या. मगरीचा फलक असलेल्या खाडीत मात्र पोहायचं नाही.

मेची सुट्टी तर सोडूनच द्या. आपण जूनची वाट बघत असतो तेव्हा, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मोसमी पाऊस तिथं पोचलेला असतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम. तेव्हाही बोट रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या विमानाआधीचा एक दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवा.

दुसरी चूक घड्याळाची. घड्याळ तेच, पण सूर्य बेळगावपेक्षा सुमारे ७० मिनिटं आधी चालतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास मावळतो. चिडिया टापू पॅकेजवाले सूर्यास्तासाठी दाखवतात. पक्षी बघायचे तर पहाटे पावणेपाचला पोर्ट ब्लेअर सोडा, अंतर २५ किलोमीटरच आहे. अंदमान सुतार, अंदमान कोतवाल ही मंडळी जगात दुसरीकडं नाहीत. दांडेलीसारखे धनेश मात्र शोधू नका, तिथला धनेश फक्त नारकोंडम बेटावर राहतो. सिप्पीघाटलाही जा. २००४च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि भातशेतीत समुद्र शिरला. तिथं आता पाणपक्षी आहेत, आणि माझ्या मते ती जागा राधानगरपेक्षा जास्त बघण्यासारखी आहे.

कासवांसाठी दिगलीपूरचा कालीपूर किनारा, डिसेंबर ते फेब्रुवारी. रस्त्यानं दहा-बारा तास लागतात, लहान मुलं असतील तर हट्ट धरू नका. नुसतं ऑलिव्ह रिडले जातीचं कासवच बघायचं असेल तर चोर्ला घाटातून उतरून गोव्यातल्या मोरजीला जा, स्वस्तात होतं. कुठंही गेलात तरी पांढरी बॅटरी बंद, पिल्लं उजेडाकडं धावतात आणि समुद्र चुकतात.

आणि शंख-प्रवाळ पिशवीत टाकू नका. प्रवाळ मेलेलं असलं तरी वन्यजीव कायदा लागतो, आणि विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये ते बरोबर सापडतं.