फ्यूम हूड आहे की बाटल्यांचे कपाट?

फ्यूम हूड म्हणजे प्रयोगशाळेतल्या घातक वाफा बाहेर ओढून नेणारी, पुढे सरकती काच असलेली पेटी. तिच्या मागच्या ज्या फटींतून हवा ओढली जाते, नेमक्या त्यांच्याच समोर लेबल पुसट झालेल्या ॲसिटोनच्या बाटल्यांची रांग मांडायची आणि वर ‘वास येतो’ म्हणून तक्रार करायची, ही कुठली रीत? काच खाली ओढायला हात जड होतात, काम १५ सेंटिमीटर आत सरकवणे जिवावर येते. खरेदी समितीची तऱ्हा तर विचारूच नका: परक्लोरिक आम्लासाठी आतून धुण्याची सोय असलेला वेगळा हूड लागतो म्हटले, की ‘सगळे हूड सारखेच’ म्हणत सर्वांत स्वस्त निविदा मंजूर! हूडच्या तोंडाशी आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे ०.५ मीटर हवा. इथे टिश्यूपेपरची पट्टीसुद्धा हलत नाही, ‘तपासणी झाली’ हे स्टिकर मात्र दरवर्षी नवेकोरे.