बागेतल्या शहाबादी फरश्या आणि नवीन एस्टिमेट

खूप दिवसांपासून लिहायचं होतं, आज लिहितेच. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घराजवळ सार्वजनिक बाग आहे त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आमच्या कॉलनीजवळची बाग चाळीसेक वर्षं जुनी. करंज, कडुनिंब, दोन मोठे शिरीष, आणि चालायला शहाबादी फरशीचा रस्ता. फरश्या कुठे कुठे हलत होत्या, चार-पाच फुटल्या होत्या, बाकी एकदम ठणठणीत. तर मागच्या वर्षी बागेचं "सुशोभीकरण" निघालं आणि एका आठवड्यात निम्मा रस्ता उखडला, फरश्या ट्रॅक्टरमध्ये भरून गेल्या आणि त्यांच्या जागी लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आले, ते पण झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटून, सिमेंट ओतून. मी विचारायला गेले तर तिथल्या मुकादमांनी सांगितलं, ताई एस्टिमेटमध्ये आहे तसंच करतोय. त्या बिचाऱ्यांचं बरोबरच होतं.

म्हणून मी माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि ते एस्टिमेट मिळवलं. खरं सांगते, बागेबद्दल इतकं शिकवणारा कागद मी आधी वाचला नव्हता. एक आयटम, अस्तित्वातील फरशी उखडणे व राडारोडा वाहून नेणे. पुढचा आयटम, पेव्हर ब्लॉक पुरवणे व बसवणे. आणखी खाली, शेणखत व लाल माती पुरवणे. म्हणजे चांगला दगड बाहेर न्यायचे पैसे, सिमेंट आत आणायचे पैसे, आणि जी बाग दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ढिगांनी पाला गाळते तिच्यासाठी खत विकत घ्यायचे पैसे. पाल्याचं काय करायचं याची एक ओळ नाही. जुन्या फरश्या परत वापरायची एक ओळ नाही.

मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. आपण झाडं लावायचे कार्यक्रम करतो, ५ जूनला फोटो काढतो, ते करावंच, पण बाग पर्यावरणाच्या बाजूची होणार की नाही हे त्या एस्टिमेटच्या टेबलावर ठरतं, काय विकत घ्यायचं आणि काय घ्यायचंच नाही त्या यादीत. आणि ती यादी बनते तेव्हा आपल्यातलं कोणीच तिथे नसतं.

ओळखीतल्या एका इंजिनिअर दादांना विचारलं की असं का होतं. ते म्हणाले डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, जो आयटम तयार आहे तो टाकणं सोपं, दुसरं काही टाकायचं तर रेट अॅनालिसिस करा, कोटेशन मागवा, वरून मंजुरी घ्या, ऑडिटला उत्तर द्या. शिवाय टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, दहा वर्षांनी ती वस्तू टिकेल का, तिचं शेवटी काय होईल, हे त्या दरात कुठे दिसतच नाही. मला हे पटलं. माणसं वाईट नाहीत, पद्धतच अशी आहे की नवीन घेणं सोपं आणि जुनं सांभाळणं अवघड.

पण नियम आपल्या बाजूने आहेत हो! घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं की बागेचा कचरा वेगळा ठेवायचा, जाळायचा नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार दंड सांगितला. तरी आमच्याकडे मार्चमध्ये सकाळी सातला कोपऱ्यात धूर असायचा आणि शेजारी आजी-आजोबा प्राणायाम करायचे. झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, काँक्रीट काढा, असा आदेश लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्येच दिला होता, मग आपल्या करंजाला आणि कडुनिंबाला पाणी आणि हवा नको का? पाडकामाच्या राडारोड्याचेही २०१६ पासून वेगळे नियम आहेत, दिल्लीत बुरारीला २००९ पासून त्याच राडारोड्याचे ब्लॉक बनतात. ब्लॉक लागणारच असतील कुठे तर असले घ्या. आणि बागेत माळ्यांची खोली, टॉयलेट, कंपाउंड बांधायचं असेल तर मातीच्या विटा कशाला, कोळशाच्या वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामात राखेच्या विटा वापरा असं केंद्राची अधिसूचना सांगते, आणि एकलहरे, भुसावळ, परळी, कोराडी, चंद्रपूर एवढी केंद्रं असताना महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो.

आपल्याला जमत नाही असंही नाही. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन याच. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होतं तिथे. १९९४ ला उघडलं, ३७ एकर, आणि आत गेल्यावर खाली कचरा आहे हे सांगूनही पटत नाही. पावसाचं पाणी साठवून वापरतात. मी मुलाला घेऊन गेले होते, तो दोन तास फक्त फुलपाखरं बघत होता. पुण्यात ब्राउन लीफवाले लोक पाला ज्याच्याकडे जास्त आहे त्याची आणि ज्याला हवा आहे त्याची गाठ घालून देतात, म्हणजे लोक पाला मागून नेतात! आमच्याकडे तो पोत्यात भरून डेपोला जायचा.

आम्ही सात-आठ जणांनी माळीकाकांना विचारलं, मागच्या कोपऱ्यात जुन्या जाळीचा एक गोल पिंजरा केला, पाला टाकायचा, पाणी मारायचं, आणि गोठ्यावरून आणलेली शेणाची रबडी मध्ये मध्ये ओतायची. पहिले दोन महिने काहीच होईना, पाला कोरडाच, लोक म्हणायला लागले साप येतील. काका म्हणाले पाणी कमी पडतंय, तुडवा. मुलांनी उड्या मारून मारून तुडवला. पावसाळ्यात जो खाली बसला तो दिवाळीपर्यंत काळं भुसभुशीत खत, आणि वास एकदम पहिल्या पावसाचा. मोगऱ्याच्या वाफ्यात घातलंय, या वर्षी त्या वाफ्याला विकतचं खत लागलं नाही.

रस्त्याचं दुसरं निम्मं काम अजून व्हायचंय. आम्ही लेखी दिलंय की तिथल्या फरश्या काढू नका, खाली मुरूम टाकून तिथेच परत बसवा, फुटलेल्या तेवढ्याच बदला, आणि आधीच्या भागात झाडांभोवतीचे ब्लॉक एक एक मीटर काढून द्या. पोच घेतलीय. साहेबांनी बोलावलंय, मंगळवारी साडेअकराला. जवळ राहणाऱ्यांनी नक्की या, चार डोकी जास्त दिसली तर फरक पडतो. आणि कोणाकडे वाळूची मोठी चाळणी असेल तर रविवारी घेऊन या, नंतर केलेल्या दुसऱ्या पिंजऱ्यातलं खत चाळायचंय.